जुन्या फोर-बाय-फोरचा गंज : चेसिस आतून कशी वाचवायची?

लोहकाम

शिडीसारखी चेसिस (बॉडीखालचा पोलादी सांगाडा) असलेल्या जुन्या ऑफ-रोड गाड्यांबद्दल एकच प्रश्न सारखा येतो, “खालून कोणता रंग मारू?” हा प्रश्न शेवटचा आहे आणि तो पहिला विचारला जातो. रंग कमी पडला म्हणून गाडी सडत नाही. चेसिसच्या पोकळीत ओला चिखल साचून राहतो म्हणून ती सडते. बाहेरून काळाकुळीत रंग असलेली चेसिस आतून पापडासारखी झालेली असू शकते, कारण गंज आतून बाहेर येतो आणि रंगाला फोड दिसेपर्यंत पत्र्याची बरीच जाडी गेलेली असते.

आत नेमकं काय होतं ते आधी लिहितो, कारण पुढचा सगळा उपाय त्यावर बेतलेला आहे. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज सुरू होतो. त्यासाठी पाण्याचे थेंब दिसायची गरज नसते. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पत्र्यावर न दिसणारी ओल धरते आणि तेवढी पुरते. मीठ असेल तर याहून कोरड्या हवेतही काम चालू राहतं. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइड तर हवेतलं पाणी स्वतःहून ओढून घेतात.

चिखलाचा थर त्याहून घातक. थराच्या कडेला प्राणवायू पोचतो, मध्यभागी पोचत नाही. या फरकामुळे मधला भाग झिजतो आणि तिथे खोल खड्डे पडतात. दोन पत्रे एकमेकांवर टेकवून वेल्ड केलेल्या सांध्यातही हेच घडतं. शिवाय गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे तो सांधा फुगवून उकलतो. फुगलेला सांधा दिसला की वरून कितीही रंग मारला तरी उपयोग नाही.

कुठे बघायचं? मागच्या ॲक्सलवरून चेसिस वर चढते तो वळणाचा भाग, पाट्यांच्या स्प्रिंगचे हँगर आणि शॅकलचे कंस (ज्यांनी पाटे चेसिसला टांगलेले असतात), बॉडी माउंटच्या (बॉडी चेसिसवर बसते त्या जागेच्या) वरची बाजू, शेवटचा आडवा तुळईसारखा भाग, आणि जिथे चेसिस सगळ्यात खाली येते तो तळ. जुन्या लँड रोव्हरमध्ये मागचा क्रॉस-मेंबर (आडवा भाग), बाजूला निघालेले आउटरिगर (बॉडीला आधार देणारे हात) आणि बल्कहेडचे (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीचे) फूटवेल, म्हणजे पाय ठेवायची जागा. चाळीस मालिकेच्या लँड क्रूझरमध्ये मागच्या दाराखालची चौकट आणि समोरच्या काचेच्या फ्रेमची खालची कड. जीपच्या टीजे रँग्लरमध्ये मागच्या लोअर कंट्रोल आर्मच्या (ॲक्सल चेसिसशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) माउंटजवळचा खोलगट भाग, तिथे वाळू आणि पाणी दोन्ही उतरून बसतात.

हा फक्त निष्काळजी मालकांचा प्रश्न नाही. टोयोटाने २००८ साली अमेरिकेत १९९५ ते २००० च्या टॅकोमा पिकअपसाठी चेसिसच्या गंजाची हमी १५ वर्षांपर्यंत वाढवली आणि फार सडलेल्या गाड्या परत विकत घेतल्या. कारखान्यातून आलेला थर पुरेसा असतोच असं धरून चालू नये.

तपासणीला लहान हातोडी, जाड स्क्रू ड्रायव्हर आणि नळीच्या टोकाला बसवलेला कॅमेरा लागतो. हातोडीने दर पाच-सहा सेंटीमीटरवर ठोकत जायचं. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला ‘थप्प’ करतो आणि आतून खपल्या खाली पडल्याचा खुळखुळाट येतो. शंका आली तिथे स्क्रू ड्रायव्हर जोर लावून टोचायचा. टोचल्याने भोक पडलं तर ते आधीच पडलेलं होतं, वाईट वाटून घेऊ नका. अल्ट्रासॉनिक जाडीमापक मिळाला तर उत्तम, पण रंग आणि सैल गंज काढून, जेल लावून, निरोगी जागी आधी मोजून मग संशयित जागी मोजा. मूळ ३ मिलिमीटरचा पत्रा २ पर्यंत आला असेल तर माझ्या मते तिथे रंगाचा विषय संपतो आणि वेल्डिंगचा सुरू होतो.

क्रम असा ठेवा : उघडणे, धुणे, वाळवणे, तपासणे, सडका भाग कापून नवा घालणे, खरवडणे, बाहेरून कडक थर, आतून मऊ थर. यातलं वाळवणं सगळ्यात जास्त वेळा गाळलं जातं.

चिखलवाट

उत्तम धागा. ‘आतून धुणे’ जरा उलगडून सांगाल का? चेसिसच्या भोकांतून प्रेशर वॉशरचा फवारा मारला तर चालेल?

लोहकाम

प्रेशर वॉशरने बाहेरचा चिखल काढा, पण आतल्या कामाला तो बरोबर नाही. बारीक आणि जोरदार धार चिखल हलवून पुढच्या कोपऱ्यात नेऊन बसवते आणि पाणी सांध्यांत ढकलते. बेअरिंगच्या सीलवर आणि ब्रीदरवर (ॲक्सल-गिअरबॉक्सच्या हवेच्या तोंडावर) तर ती मारूच नये. आत हवं असतं ते भरपूर पाणी, कमी दाबाने.

आधी स्किड प्लेट (खालून दगडांपासून वाचवणारी ढाल) काढा. तिच्यावर किती माती बसलेली असते ते काढल्याशिवाय कळत नाही. मग गाडीचं नाक थोडं वर घ्या, साधी बागेची नळी पुढच्या भोकातून आत घाला आणि मागच्या भोकातून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडत रहा. खालची निचऱ्याची भोकं आधी तारेने मोकळी करा, नाहीतर तुम्ही चेसिसची टाकी भरत बसाल. मग नाक खाली घेऊन उलट दिशेने तेच. एका बाजूला अर्धा तास लागला तरी लागू द्या. खाऱ्या पाण्यातून किंवा समुद्राच्या वाळूतून गाडी गेली असेल तर हे त्याच दिवशी करायचं, मीठ वाळून सांध्यात बसायच्या आत.

वाळवायला उघडी, वाहती हवा हवी. भोकात पंख्याची किंवा ब्लोअरची हवा सोडून ठेवा आणि दोन-तीन दिवस द्या. ओली गाडी बंद गॅरेजमध्ये किंवा प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली ठेवणं हे ती उघड्यावर ठेवण्यापेक्षा वाईट.

पोलादपत्रा

खरवडण्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट जोडतो. ग्राइंडरला वाटीसारखा वायर ब्रश लावून सगळे काम करतात, आणि पत्रा चकाकला की झालं असं समजतात. वायर ब्रश घट्ट गंजाला काढत नाही, त्याला पॉलिश करतो. तो चकचकीत तपकिरी-काळा थर धातूसारखा दिसतो, पण गंजच असतो. भिंगातून बघितलं की खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके दिसतात. रंग तिथूनच सहा महिन्यांत उचलतो.

माझा क्रम : जाड खपल्यांना छन्नी-हातोडी किंवा नीडल स्केलर (सुयांनी ठोकणारं यंत्र), मग वायर ब्रश फक्त सैल माल झाडायला, मग जाळीदार स्ट्रिपिंग डिस्क. ती पत्रा न खाता रंग आणि गंज काढते. फ्लॅप डिस्क (पॉलिश कागदाच्या पाकळ्यांची चकती) वेल्डची कड सपाट करायला ठेवा, ती आधीच पातळ झालेला पत्रा आणखी पातळ करते. खड्डे खोल असतील तर सँडब्लास्टिंगला पर्याय नाही, कारण खड्ड्याच्या तळापर्यंत फक्त वाळूचा कणच पोचतो. ब्लास्ट केलेला पत्रा उघडा ठेवू नका, त्याच दिवशी प्रायमर. आणि ब्लास्टिंगची वाळू चेसिसच्या पोकळीत राहिली तर तीच पुढे ओल धरते. आधी भोकांना टेप, नंतर हवेने सफाई.

वाटी ब्रशवर छापलेली कमाल गती ग्राइंडरच्या गतीपेक्षा जास्त असल्याची खात्री करा. ११५ मिलिमीटरचे ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतात आणि तुटलेली तार सुईसारखी घुसते. चष्म्यावर पूर्ण चेहऱ्याची ढाल हवी.

रानपाऊल

रस्ट कन्व्हर्टर (गंजाचं रूपांतर करणारं रसायन) मारला तर एवढं खरवडायची गरज उरत नाही असं बाटल्यांवर लिहिलेलं असतं. कितपत खरं?

सांधाजोड

रानपाऊल, बाटलीवरचं अर्धंच खरं आहे. कन्व्हर्टरचे मुख्य दोन प्रकार. टॅनिक ॲसिडचा, जो गंजाशी संयोग होऊन निळसर-काळा आयर्न टॅनेट बनवतो, आणि फॉस्फोरिक ॲसिडचा, जो आयर्न फॉस्फेट बनवतो. दोन्ही फक्त त्यांना स्पर्श होईल तेवढ्याच गंजावर चालतात. जाड खपलीवर मारलात तर वरची साल काळी होते आणि खाली लाल गंज तसाच राहतो. म्हणून सैल माल काढल्यावर उरलेल्या पातळ, घट्ट गंजासाठीच तो वापरावा. स्वच्छ चकचकीत धातूवर टॅनिकवाला मारून काही मिळत नाही, त्याला संयोग करायला गंजच सापडत नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडते : फॉस्फोरिक ॲसिड मारून, न धुता, वर इपॉक्सी प्रायमर. इपॉक्सीचा हार्डनर अमाइन जातीचा असतो आणि ॲसिड त्याला मारक. पृष्ठभागावर ॲसिड उरलं तर इपॉक्सी नीट घट्ट होत नाही आणि पुढे सालीसारखी निघते. पांढरी भुकटी किंवा चिकटपणा दिसला तर ॲसिड उरलं आहे असं समजा. पाण्याने धुवा, पुसा, गरम हवेने लगेच वाळवा, मग हलकं घासून इपॉक्सी. सेल्फ-एच प्रायमरवर, म्हणजे ॲसिड मिसळलेल्या प्रायमरवर, इपॉक्सी मारू नये तेही याच कारणाने.

पोलादपत्रा

+१. आणि झिंक प्रायमरबद्दलही तसाच गैरसमज आहे. झिंक स्वतः झिजून लोखंड वाचवतं, पण त्यासाठी जस्ताचा कण लोखंडाला प्रत्यक्ष चिकटलेला असावा लागतो. गंजावर मारलेला झिंक स्प्रे हा केवळ करडा रंग.

चिखलवाट

मग बाहेरून शेवटी काय मारायचं? पीओआर-१५ सारखे थर गंजावरच मारायचे असतात ना?

लोहकाम

ते मॉइश्चर-क्युअर युरेथेन, म्हणजे हवेतल्या ओलाव्याने घट्ट होणारे. नीट वापरले तर दगडासारखे होतात. पण त्यांना पकड हवी. गुळगुळीत धातूवर किंवा जुन्या रंगाच्या चकाकीवर ते पूर्ण चादरीसारखे सुटून येतात. जाड थर एकदम दिला तर घट्ट होताना निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड आत अडकून बुडबुडे होतात. ऊन लागलं की खडूसारखे पडतात, म्हणून उघड्या भागावर टॉपकोट लागतोच, तोही पहिला थर बोटाला किंचित चिकटत असताना. डब्याची कड न पुसता झाकण लावलं तर ते पुन्हा उघडत नाही.

सांधाजोड

इथे माझं मत वेगळं आहे, दादा. तोच कडकपणा ऑफ-रोड गाडीत दोष ठरतो. चेसिस पिळवटते, दगड लागतात, थराला बारीक चीर जाते आणि पाणी त्याखाली शिरून दूरवर पसरतं. वरून सगळं शाबूत दिसतं. मी बाहेरून दोन घटकांच्या इपॉक्सीचे दोन थर सुचवेन, प्रत्येकी सुमारे ५० मायक्रॉन, मग चेसिस ब्लॅक (चेसिसचा काळा रंग), आणि चाकांच्या माऱ्यातल्या भागावर मेणाचा थर, जो दरवर्षी बघून पुन्हा देता येतो. खराब झालेलं दिसतं तो थर मला लपवणाऱ्या थरापेक्षा बरा वाटतो.

हवामानाचं गणित दोन्हींना लागू आहे : पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश सेल्सियस वर आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. पहाटेच्या गार पत्र्यावर मारलेला रंग दवावर बसतो.

लोहकाम

चीर जाण्याचा मुद्दा मान्य. पूर्ण ब्लास्ट केलेल्या चेसिसवर मीही इपॉक्सीच निवडेन. खड्डे पडलेला, हातानेच घासलेला कंस असेल आणि ब्लास्टिंग शक्य नसेल तिथे युरेथेन. पण डांबरासारखा जाड अंडरकोट गंजावर कोणीच मारू नये, यावर आपलं एकमत असावं. तो वर्षा-दोन वर्षांत कडक होतो, पत्र्यापासून सुटतो आणि त्या खिशात पाणी कायमचं राहतं.

सांधाजोड

त्यावर शंभर टक्के एकमत. जुन्या गाडीवर असा थर असेल तर तो हीट गनने मऊ करून पट्टीने काढायचा. ग्राइंडरला तो चिकटतो आणि धूर होतो.

ओढापार

जळकं इंजिन ऑइल फवारणं सगळ्यात जुना उपाय. त्याला पूर्ण बाद करायचं का?

लोहकाम

हो, बाद. तेलाचा पातळ थर गंज रोखतो हे खरं, पण जळक्या तेलात ज्वलनातून आलेली आम्लं आणि पाणी असतं, शिवाय त्वचेला कॅन्सरकारक घटक. रबरी बुश फुगतात. ते थेंबाथेंबाने मातीत आणि ओढ्यात जातं. ऑफ-रोड गाडी ज्या पाण्यातून जाते, त्यातच ते मिसळतं.

त्याच तत्त्वावर चालणारा चांगला पर्याय म्हणजे लॅनोलिनचा थर, मेंढीच्या लोकरीतल्या चरबीचा. तो मऊ राहतो, फटीत सरकतो, ओरखडा पडला तर पुन्हा पसरतो. तोटा हा की प्रेशर वॉशरने आणि चाकाच्या पाण्याच्या माऱ्याने निघून जातो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. रबरापासून, ब्रेक डिस्कपासून आणि सायलेन्सरपासून लांब ठेवा.

पोकळीत मात्र कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत फवारायचं मेण. लांब लवचीक नळी, टोकाला चहूबाजूंनी फवारणारा नोझल. नळी पार टोकापर्यंत घालायची आणि फवारत हळूहळू बाहेर ओढायची, बाहेरून आत ढकलत नाही. मध्यम गाडीच्या चेसिसला दोन ते तीन लिटर हाताशी असू द्या. थंडीत मेण घट्ट होतं, डबा कोमट पाण्यात ठेवा, कधीही ज्योतीवर नाही. पहिला थर पातळ, जो सांध्यात झिरपेल. दुसरा जाड, जो टिकेल.

रानपाऊल

सुटे कंस, बिजागरं, नट-बोल्ट यांच्यासाठी इलेक्ट्रोलिसिस सुरक्षित आहे का?

पोलादपत्रा

आहे, नियम पाळले तर. प्लॅस्टिकची बादली, ४ लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची ऋण बाजू गंजलेल्या भागाला, धन बाजू साध्या लोखंडाच्या तुकड्याला. उलट जोडलं तर तुमचा भागच विरघळेल. दोन्ही एकमेकांना टेकू नयेत. धन बाजूला स्टेनलेस कधीही नको, त्यातून विषारी हेक्झाव्हॅलंट क्रोमियम सुटतं. सोड्याऐवजी मीठ घातलं तर क्लोरीन वायू होतो. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर करा आणि चार्जर बंद केल्याशिवाय चिमटे काढू नका. ॲल्युमिनियम आणि जस्ताचे भाग त्यात घालायचे नाहीत. समोरासमोरची बाजू आधी साफ होते, म्हणून भाग फिरवत रहा.

चार्जर नसेल तर लिंबू सत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड. लिटरला ५० ग्रॅम, १२ ते २४ तास. मग सोड्याच्या पाण्यात बुडवून, गरम पाण्याने धुऊन, लगेच वाळवून तेल किंवा प्रायमर. दहा मिनिटं उघडं राहिलं तरी केशरी धूळ चढते.

एक कडक नियम : पाटे, कॉइल स्प्रिंग, टॉर्शन बार (स्प्रिंगसारखा पिळणारा दांडा) आणि १०.९ किंवा १२.९ दर्जाचे, म्हणजे जास्त ताकदीचे, बोल्ट ॲसिडमध्येही नको, इलेक्ट्रोलिसिसमध्येही नको. पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होऊन अचानक तुटतं.

सांधाजोड

वेल्डिंगवर सविस्तर लिहिते, कारण चुकीचं ठिगळ गंजापेक्षा लवकर चेसिस मोडतं.

आधी सुरक्षितता. बॅटरी काढा, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतील तर त्यांचे कनेक्टर काढा. इंधनाची टाकी आणि पाइप बाजूला. पोकळीत जुनं मेण किंवा तेल असेल तर ते पेटतं, आणि आग तुमच्यापासून मीटरभर लांब, न दिसणाऱ्या जागी लागते. आधी खरवडून आणि वाफेने काढा, आग विझवणारा सिलिंडर आणि पाण्याची बादली जवळ, शेजारी लक्ष ठेवायला दुसरा माणूस. काम संपल्यावरही तासभर गाडी सोडून जाऊ नका. वेल्डच्या जागी क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर कधीही मारू नका. उष्णतेने आणि आर्कच्या प्रकाशाने त्याचा फॉस्जीन होतो आणि तो जीवघेणा आहे.

सडका भाग निरोगी पत्रा लागेपर्यंत कापा. वेल्ड करताना पत्रा सारखा जळून भोक पडत असेल तर तुम्ही अजून गंजावरच आहात, आणखी कापा. ठिगळ मूळ जाडीचंच. ३ मिलिमीटरवर ६ ची प्लेट चढवली की ताण प्लेटच्या कडेला गोळा होतो आणि तिथेच चीर पडते. चेसिसवर उभी सरळ वेल्डची रेघ टाळा. ठिगळाची टोकं तिरकी किंवा पतंगाच्या आकाराची घ्या, म्हणजे ताण एका रेषेत येत नाही. वरच्या आणि खालच्या पट्टीच्या कडेवर आडवा वेल्ड शक्यतो नकोच. प्लेटच्या मध्ये ८ ते १० मिलिमीटरची भोकं पाडून प्लग वेल्ड करा, म्हणजे ती भोकं वेल्डने भरा.

कापण्याआधी घोड्या (आधाराचे स्टँड) चेसिसखाली भार विभागून लावा, कर्णाची मापं दोन्ही बाजूंनी लिहून ठेवा, एका वेळी एकच बाजू उघडा. ०.८ मिलिमीटरची मिग वेल्डिंगची तार पुरते. आधी टाके (ठिपक्यांएवढे वेल्ड), मग २५-३० मिलिमीटरचे तुकडे आलटून-पालटून, मध्ये गार होऊ देत. मोठ्या मालवाहू ट्रकच्या उष्णतासंस्कारित चेसिसला निर्मात्याच्या सूचनेशिवाय हात लावू नका. जस्ताचा थर असेल तर वेल्डच्या दोन्ही बाजूंना काही सेंटीमीटर घासून काढा, त्याच्या धुराने ताप येतो.

आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट : वेल्ड झाला की त्याच्या पाठीमागचा, पोकळीतला रंग जळालेला असतो. नवा गंज नेमका तिथे सुरू होतो. पूर्ण गार झाल्यावर आतून मेण मारल्याशिवाय काम पूर्ण झालेलं नाही.

ओढापार

सांधाताई, हे छापून गॅरेजमध्ये लावण्यासारखं आहे. बॉडी माउंटचे बोल्ट काढताना आतला नटच फिरतो, त्यावर काही?

सांधाजोड

तो नट चेसिसच्या किंवा बॉडीच्या आत टाक्यांनी बसवलेला असतो आणि टाके गंजून तुटतात. म्हणून जोर लावायच्या आधी दोन-तीन दिवस रोज पेनेट्रेटिंग तेल, शक्य असेल तर वरून. सहा कोनांचा सॉकेट, बारा कोनांचा डोकं गोल करतो. थोडा सैल, थोडा घट्ट, असं पाव-पाव फेरा. एकदम सोडायला गेलात की बोल्ट मोडतो किंवा नट सुटतो. उष्णता नटला द्यायची, बोल्टला नाही, आणि रबरी बुश जवळ असेल तर इंडक्शन हीटरच (ज्योतीशिवाय तापवणारा). नट फिरायलाच लागला तर वरच्या पत्र्यात खिडकी कापून नट पान्याने धरावा आणि नंतर ती खिडकी वेल्ड करून बुजवावी.

बसवताना आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं) ग्रीस लावा. मात्र पुस्तकातला टॉर्क (आवळण्याचा जोर) कोरड्या आट्यांसाठी असेल तर साधारण २० ते २५ टक्के कमी करा, नाहीतर बोल्ट ताणला जाईल.

चिखलवाट

ब्रेक पाइपवरही हेच लॅनोलिन मारून चालेल?

लोहकाम

नव्या पाइपवर हो. खड्डे पडलेल्या पाइपवर अजिबात नाही. तो बदलायचाच. पाइप क्लिपच्या आत सडतो, म्हणून प्रत्येक क्लिप उघडून बघा. नखाला खड्डा लागला तर पाइप संपला. बदलताना ९०-१० कॉपर-निकेल घ्या, तो गंजत नाही आणि हाताने वळतो. शुद्ध तांबं हादऱ्यांनी कडक होऊन तडकतं. टोकाचा फ्लेअर (पसरवलेलं तोंड) कोणता आहे ते आधी पहा, ४५ अंशांचा दुहेरी की बुडबुड्यासारखा. एकाच्या जागी दुसरा बसवला तर गळतो. जोडाला कॉम्प्रेशन फिटिंग (नुसती आवळून बसणारी जोडणी) वापरू नये.

रानपाऊल

बॉडी पूर्ण काढलीच आहे तर चेसिस जस्तात बुडवून घ्यावी का? आणि ॲल्युमिनियमच्या बॉडीचं काय?

पोलादपत्रा

हॉट-डिप गॅल्व्हनायझिंग हा सर्वांत टिकाऊ उपाय, पण तयारी मोठी. जस्त साधारण ४५० अंश सेल्सियसला वितळलेलं असतं. बंद पोकळीत पाणी किंवा हवा अडकली तर स्फोट होतो, म्हणून प्रत्येक पोकळीला आत जायचं आणि बाहेर यायचं भोक हवं. उष्णतेने लांब चेसिस थोडी वाकू शकते, म्हणून आडवे भाग आधी नीट वेल्ड केलेले हवेत. आट्यांत जस्त भरतं, सगळे आटे पुन्हा टॅपने काढावे लागतात. आयएसओ १४६१ या गॅल्व्हनायझिंगच्या मानकाप्रमाणे ३ ते ६ मिलिमीटर जाडीच्या पोलादावर सरासरी किमान ७० मायक्रॉन थर अपेक्षित असतो, पातळ पत्र्यावर कमी. फार खड्डे पडलेल्या चेसिसवर हा खर्च करू नका, जस्त जाडी परत देत नाही. त्यापेक्षा नवी गॅल्व्हनाइज्ड चेसिस मिळत असेल तर ती बरी.

ॲल्युमिनियमचा पत्रा जिथे लोखंडाला टेकतो तिथे खारं किंवा मातीचं पाणी आलं की ॲल्युमिनियम झिजतं आणि पांढरी भुकटी दिसते. मध्ये अडथळा हवा : दोन्ही बाजूंना रंग, मध्ये पातळ रबर किंवा नायलॉन, आणि बोल्टला सांध्याची पेस्ट.

ओढापार

बॅटरीला जोडायची गंजरोधक इलेक्ट्रॉनिक पेटी?

पोलादपत्रा

नको. विजेने गंज थांबवायला भाग पाण्यात किंवा ओल्या मातीत सलग बुडालेला असावा लागतो, जसं जहाज किंवा जमिनीतला पाइप. हवेत उभ्या गाडीला ते माध्यमच नसतं. चेसिसला जस्ताचा ठोकळा बांधणंही त्याच कारणाने निरुपयोगी.

चिखलवाट

शेवटचा प्रश्न. मेण मारून झाल्यावर चेसिसची भोकं रबरी बुचाने बंद करावीत का, म्हणजे चिखल आत जाणार नाही?

लोहकाम

बाजूची, हात जाईल एवढी भोकं बंद केली तरी चालेल, पण पाण्यातून गाडी गेली की बुचं काढून आत बघा. खालची निचऱ्याची भोकं कधीच बंद करू नका. पाणी कुठूनतरी आत जाणारच, बाहेर जायची वाट हवी. मेण मारल्यावर एक दिवसाने गाडीखाली जाऊन प्रत्येक निचऱ्याच्या भोकातून तार फिरवा, कारण वरून ओघळलेलं मेण तिथेच येऊन गोठतं आणि भोक बुजतं. त्यानंतर वर्षातून दोनदा, पावसाळी किंवा बर्फाळ दिवसांच्या आधी आणि नंतर, तीच तार पुन्हा.